मधला स्पीकर

मापसाहेबांचं आपलं ते नेहमी खरं असायचं, आणि ते तसं असावं म्हणून सरकारने त्यांना आयुष्यभर पगार दिला होता. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, दुकानदाराचा तराजू पुढे ओढायचा, पिशवीतून स्वतःची वजनं काढायची आणि समोरच्याच्या तोंडचं पाणी पळवायचं, असं त्यांचं काम. साहेबांच्या पिशवीतलं वजनच चुकीचं असेल असं कुणी कधी म्हटलं नाही, कारण म्हणायची सोयच नव्हती. निवृत्त झाल्यावर वजनं खात्याकडे जमा झाली, पण नजर तेवढी त्यांनी घरी आणली.

घरात तपासण्यासारखं फारसं काही नव्हतं. एक बायको होती, ती लग्नानंतर पहिल्या वर्षीच तपासून झाली होती. एक लेक होती, ती लग्न होऊन पलीकडच्या वस्तीत गेली होती. तिच्या घरी जावयाने सिनेमांसाठी एक छोटा कॉम्प्युटर टीव्हीला जोडलेला साहेबांनी पाहिला. जेवणाच्या डब्याएवढं खोकं, पण आत शेकडो सिनेमे आणि मालिका. रिमोट दाबला की पोस्टरं शाळेतल्या मुलांसारखी रांगेत उभी राहायची. साहेबांनी तासभर ते पाहिलं आणि जावयाला म्हणाले, "चांगलं आहे. पण नीट बसवलेलं नाही. मी बसवून दाखवतो."

आणि ते बसवायला त्यांनी घेतली आतली खोली.

आतली खोली साहेबांच्या बायकोची, म्हणजे बाईंची होती. कागदावर सगळंच साहेबांचं, पण ती खोली बाईंची, हे इमारतीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. बाई तिथे शिवणाचे वर्ग घ्यायच्या. खिडकी अशी होती की दुपारभर ऊन न येता नुसता उजेड यायचा, आणि काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने काज करायचं तर असाच उजेड लागतो. आठ-दहा मुली यायच्या, कॉलर उसवायच्या, पुन्हा लावायच्या आणि सासवांच्या नकला करायच्या. बाई त्यांना रागावता रागावता स्वतःच हसायच्या. संध्याकाळी साहेबांची चप्पल दारात वाजली की मुली कात्र्या गोळा करायच्या आणि बाईंचा आवाज आपोआप खाली यायचा. "बायकांचा आवाज उंबऱ्याबाहेर जाता कामा नये," असं साहेब म्हणत. रागाने नाही, नियम सांगावा तसं म्हणत.

"हॉलमध्ये रस्त्याचा आवाज येतो," साहेबांनी समजावलं. "आवाज जुळवायचा तर शांतता लागते. आत सगळं जुळवून घेतो. एकदा बरोबर वाजायला लागलं की उचलून हॉलमध्ये आणतो. तुझी खोली तुला परत."

"आणि बरोबर वाजायला किती दिवस लागतील?"

"चार वायरी तर जोडायच्यात. त्याला काय लागतं?"

टीव्हीच्या पडद्यावर उजेड पडतो म्हणून खिडकीला आतून प्लायवूड ठोकलं गेलं. शिवणयंत्र स्वयंपाकघराच्या बोळात आलं. तिथे एका वेळी एकच मुलगी बसू शकायची, तीही फ्रिज उघडायचा झाला की उठायची. मुली आठवडाभर आल्या, मग एकेक करत समोरच्या गल्लीतल्या नव्या क्लासला जाऊ लागल्या. जाताना सगळ्यांनी सांगितलं, "बाई, खोली मोकळी झाली की कळवा हं."

साहेबांच्या बाजूने सांगायचं तर काम त्यांनी मन लावून केलं. कॉम्प्युटर जावयाने आणून दिला, पण त्यात सिनेमे भरले साहेबांनी, एकेकाचं नाव तपासून. चुकीचं पोस्टर लागलं की त्यांना झोप येत नसे. वायरींना चिठ्ठ्या लावल्या. पाच स्पीकर टेप लावून मोजून ठेवले, दोन पुढे, दोन मागे, आणि टीव्हीच्या खाली एक आडवा. हा आडवा, मधला स्पीकर माणसांच्या बोलण्यासाठी. गाणी, वारा, मारामाऱ्या बाकीच्यांतून येतात आणि माणसं बोलतात ती मधल्यातून.

तिथेच घोडं अडलं. साहेबांना घोड्यांच्या टापा ऐकू यायच्या, काचा फुटलेल्या ऐकू यायच्या, फक्त माणसं काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं.

"संवाद दबतायत," साहेबांनी निकाल दिला. "मधला स्पीकर सदोष आहे."

नाचता येईना अंगण वाकडं! साहेबांचा डावा कान गेला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता, हे घरात त्यांच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. दाराची घंटा वाजून वाजून थकायची. फोन ते उजव्या कानाला लावायचे आणि तरी ओरडायचे. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? लेकीने एकदा जेवताना धीर करून म्हटलं होतं, "बाबा, एकदा कान दाखवून या ना."

"माझे कान?" साहेब भरल्या ताटावरून उठले होते. "डोळे मिटून नाणं वाजवून खरं-खोटं सांगायचो मी! कान म्हणे!" त्यानंतर पुढचे कित्येक दिवस ते लेकीशी बोलले नाहीत. लेक रडली, जावई ओशाळला, आणि कानाचा विषय घरातून हद्दपार झाला.

मग उरलं काय, तर हो ला हो. साहेबांनी सिनेमा लावावा, थांबवावा आणि मागे वळून विचारावं, "दबतायत ना?" आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणावं, "दबतात, बाबा. जरासे दबतात." मधला स्पीकर बदलला. नवाही दबला. कॉम्प्युटरातल्या सेटिंगा इकडच्या तिकडे झाल्या. खोली काही हॉलमध्ये हलेना.

जावयाने एक मोजणीचा माइकही आणून दिला. तिपाईवर उभा केलेला, पेन्सिलीएवढा. तो बसायच्या जागी ठेवायचा, सगळ्यांनी हाताची घडी तोंडावर बोट करून बसायचं. मग प्रत्येक स्पीकरमधून खालच्या घरघरीपासून वरच्या शिट्टीपर्यंत एक लांब आवाज निघतो आणि कॉम्प्युटर त्याची रेघ काढून दाखवतो. कुठला स्पीकर कुठे कमी पडतो ते त्या रेघेत दिसतं. मधल्याची रेघ आली. बाईंनी जन्मभर कापडावर खडूने रेघा मारल्या होत्या. रेघ सरळ आहे की नाही हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ती सरळ होती.

जावयाने रेघेकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, घसा साफ केला. "इथे जरा खळगा दिसतोय, बाबा."

"दिसणारच," साहेब म्हणाले. "मी काय म्हणत होतो?" आणि त्यांनी तिसऱ्या स्पीकरची ऑर्डर दिली.

आता कुणी म्हणेल, बाईंनी तरी तोंड उघडायचं होतं. खोली तर त्यांची गेली होती. एक वाक्य बोलायचं, कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं, आठवड्यात प्लायवूड निघालं असतं. बाईंनाही हे दिसत होतं. पण मध्ये एक गोष्ट घडली होती, आणि ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

एकदा जेवताना बाई साहेबांच्या डाव्या बाजूला वाढायला उभ्या होत्या. बोळात मान वाकडी करून शिवण केल्याने पाठ भरून आली होती. त्या तिरीमिरीत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "माझी खोली गिळलीत, आता काय मला गिळणार?" साहेबांनी वर पाहिलं, घास चावला आणि म्हणाले, "हो, मीठ बरोबर आहे."

त्या दिवसापासून बाई बोलायला लागल्या. आधी पुटपुटत, मग मोकळ्या आवाजात. भांडी घासताना, केर काढताना, साहेबांच्या शर्टाची बटणं लावताना, नेहमी डाव्या बाजूला उभ्या राहून. लग्नात झालेल्या अपमानापासून ते परवाच्या भाजीच्या पिशवीपर्यंत सगळं. बोलून झालं की त्यांना ताप उतरल्यासारखं हलकं वाटायचं. याची त्यांना लाज वाटली का? सुरुवातीला वाटली. मग वाटेनाशी झाली.

रविवारी लेक आणि जावई आले होते. तिसरा स्पीकर त्याच दिवशी येणार होता. साहेबांचा आता त्या रेघेवरही विश्वास उरला नव्हता. "मोजणी एका बाजूला आणि प्रत्यक्ष एका बाजूला," ते जावयाला म्हणाले. "आधी जुन्या स्पीकरचे संवाद माइकवर टेप करू, मग नव्याचे. दोन्ही एकापाठोपाठ ऐकू. म्हणजे मापात पाप कुठे आहे ते कळेल." त्यांनी एका कौटुंबिक सिनेमातला बोलका प्रसंग लावला, माइक सुरू केला आणि सगळे गप्प बसले. दोन मिनिटं झाली नाहीत तोच खालून पार्सलवाल्याचा फोन आला. खोकं जड होतं, वर आणायला दोन माणसं हवी होती. साहेबांनी रिमोटने सिनेमा थांबवला आणि जावयाला घेऊन खाली गेले. माइक कुणी थांबवला नाही.

सासरे-जावई वर आले, खोकं ठेवून टेप बंद केली आणि खोकं फोडलं. नवा स्पीकर जमिनीवर ठेवून साहेब सोफ्याच्या बरोबर मध्ये बसले, रिमोट हातात. लेक-जावई दोन बाजूंना, बाई दाराशी स्टुलावर.

"नवा जोडण्याआधी जुन्याचं ऐकून घेऊ," साहेब म्हणाले आणि आवाज वाढवत नेला. त्यांना पुरेसा वाटेल इतका आवाज म्हणजे बाकीच्यांच्या छातीत धडधड. सिनेमातला नवरा-बायकोचा प्रसंग सुरू झाला. साहेब उजवा कान पुढे करून ऐकत होते आणि नापसंतीने मान हलवत होते. मग सिनेमा तुटला. दार लागल्याचा आवाज आला. जरा वेळ काहीच नाही. साहेबांनी आवाज आणखी वाढवला.

आणि मधल्या स्पीकरमधून लेक बोलली.

"आई, किती दिवस चालणार गं हे नाटक? बाबांना ऐकू येत नाही, एवढी साधी गोष्ट आहे."

"मला काय विचारतेस? तुझा नवरा सरळ रेघेत खळगे दाखवतो."

"तो घाबरतो त्यांना. तू सांग ना. कानाला यंत्र बसलं की ही खोकी हॉलमध्ये जातील. तुझी खोली तुला मिळेल."

दाराशी बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. लेकीने रिमोटकडे हात नेला, पण साहेबांनी तो दुसऱ्या हातात घेतला. त्यांची नजर टीव्हीवर होती. टीव्हीवर नुसता थांबलेला सिनेमा होता, उघड्या तोंडाचा एक नट.

"खोली मिळेल गं," बाईंचा आवाज आला. खोली भरून, श्वासासकट. "पण यंत्र बसलं की त्यांना सगळं ऐकू येणार. आख्खा संसार मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. आता कुठे स्वतःच्या घरात मोठ्याने बोलते. आपोआप गेलेले कान मी कशाला परत नेऊन बसवू?"

"म्हणजे? काय बोलतेस तू?"

"काय वाट्टेल ते. समोर उभी राहून बोलते. काल म्हटलं, तुम्ही कामावर जायचात तेवढाच वेळ माझा संसार सुखाचा होता. मान डोलावली त्यांनी."

आणि लेक हसली. आधी दाबून, मग खळखळून. तिच्यामागोमाग बाई हसल्या. इतकं मोठं, इतकं मोकळं हसणं या घरात साहेबांनी कधी ऐकलं नव्हतं. ते ऐकताना त्यांचा चेहरा कसा झाला ते बाईंनी पाहिलं. शब्दांनी झाला नव्हता तसा तो हसण्याने झाला.

"उजवाही जाऊ दे एकदाचा," हसता हसता बाईंचा आवाज म्हणाला, "म्हणजे सुटले."

मग जिन्यातली पावलं, दार, खोकं ठेवल्याचा आवाज. साहेबांनी बटण दाबलं.

लेकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. "बाबा, आम्ही गमतीत बोलत होतो."

"हो. गंमत स्पष्ट ऐकू आली." त्यांनी जमिनीवरच्या नव्या स्पीकरकडे पाहिलं. "जुना बरोबर आहे. त्याच्या आधीचाही बरोबरच असणार." मग ते जावयाकडे वळले. "रेघ सरळ होती?"

"हो, बाबा."

"दुकानदार काटा मारायचे ते पोटासाठी मारायचे. मी त्यांना दंड केला, पण त्यांचं मला कळायचं. तुम्ही सगळ्यांनी मिळून मारलात तो कशासाठी?"

जावयाने खाली मान घातली. बाईंना उत्तर माहीत होतं. तुमच्या भीतीने, असं ते उत्तर होतं. पण ते द्यायलाही भीतीच वाटत होती. साहेब आता ओरडतील म्हणून त्या वाट पाहत राहिल्या. ओरडले असते तर बरं झालं असतं, कारण ओरडून झालं की ते विसरायचे. साहेबांनी रिमोट टीपॉयवर सरळ ठेवला आणि नवा स्पीकर पुन्हा खोक्यात भरायला घेतला.

दुसऱ्याच दिवशी सुतार आला आणि प्लायवूड निघालं. टीव्ही, कॉम्प्युटर आणि पाचही स्पीकर हॉलमध्ये गेले. साहेब एकटेच कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. "मी येऊ का?" असं बाईंनी विचारलं होतं, पण ते चप्पल घालून निघून गेले होते. काही दिवसांनी कानामागे शेंगदाण्याएवढं यंत्र आलं, दोन्हीकडे एकेक.

खोलीत पुन्हा उजेड आला. बाईंनी फरशी पुसली, शिवणयंत्र खिडकीशी लावलं, मुलींना निरोप धाडले. निम्म्या आल्या. निम्म्या नव्या क्लासमध्ये रमल्या होत्या. आलेल्यांनी पहिल्याच दिवशी सासवांचा विषय काढला, आणि बाईंच्या लक्षात आलं की आपलं ध्यान मुलींकडे नाही, हॉलकडे आहे. भिंतीपलीकडे साहेब बसले होते. त्यांना आता नळ गळलेला ऐकू येत होता. पंख्याची करकर ऐकू येत होती. बाई भांडी घासायच्या तर नुसती भांडीच वाजायची. हवी होती ती खोली मिळाली होती, आणि बाईंना तिथे बसवत नव्हतं. खोली आपण पैसे न देता उचलून आणली आहे, असं काहीतरी वाटायचं. मग रागही यायचा. माझीच खोली, आणि चोरटेपणाही मलाच वाटावा?

साहेब वाईट वागत नव्हते, हे सर्वांत अवघड होतं. जेवायला वाढलं की जेवायचे. विचारलं की उत्तर द्यायचे. सिनेमा मात्र ते आता कधी शेवटपर्यंत पाहत नसत. संवाद नीट ऐकू येऊ लागले आणि त्यांचा रसच गेला.

एका दुपारी मुली येऊन गेल्यावर बाई हॉलमधून स्वयंपाकघरात चालल्या होत्या. साहेबांनी टीव्ही बंद केला.

"अगं, बस जरा."

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. साहेबांच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या, मग लक्षात येऊन सरकल्या, आणि मग ते साहेबांच्याही लक्षात आलं.

"इतके महिने माझ्याशी बोलत होतीस," साहेब म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. बाईंनी तो शोधला, पण नव्हता. "मला काही कळलं नाही. ते काय होतं, ते आता सांग. आता सगळं ऐकू येतंय."

बाईंच्या ओठांवर ते सगळं तयार होतं. अपमान, वर्षं, बोळातली शिवण, गेलेल्या मुली. यातलं एकेक वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की पाठ झालं होतं. पण ते सगळं न ऐकणाऱ्या माणसाला सांगायचं म्हणून जुळलेलं होतं. हा माणूस समोर बसून, दोन्ही कान देऊन, पिशवीतून वजन काढल्यासारखा त्यांच्याकडे पाहत होता. त्याला खरंच ऐकायचं होतं, असं बाईंना वाटलं, आणि त्यामुळे त्यांना त्याचा जास्तच संताप आला. आयुष्यभर दिले नाहीत ते कान आता आणलेत, आणि तेही विकत!

साहेब थांबले होते. रस्त्यावरून एक गाडी गेली. त्यांनी कानामागचं यंत्र बोटाने जरा नीट केलं.

"चहा ठेवू का?" बाईंनी विचारलं.

"ठेव," ते म्हणाले. मग त्यांनी टीव्ही पुन्हा लावला आणि आवाज इतका कमी केला की स्वयंपाकघरात बाईंना तो ऐकू आला नाही, पण बाई तिथून काही बोलल्या असत्या तर त्यांना ऐकू आलं असतं.